जुन्या जांभ्याच्या भिंतीत खिडकी: चौकट बसवण्याआधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आजोबांनी बांधलेलं घर. मातीच्या गाऱ्यात रचलेली जांभ्याची १८ इंची भिंत, वर मंगळुरी कौलं. मागचं स्वयंपाकघर दिवसाही अंधारं, म्हणून पश्चिमेच्या भिंतीत ३ बाय ४ फुटांची खिडकी करायची आहे. बेळगावात एक जुनं घर उतरवताना सागवानी चौकट स्वस्तात मिळाली. ग्राइंडर आणलाय, भाऊ मदतीला आहे, एप्रिल संपत आलाय आणि मे महिन्यात काम उरकायचा बेत आहे. विचारलंय ते एवढंच, की चौकट भिंतीत पक्की कशी करायची, आणि हल्ली डब्यातून फवारायचा, फुगणारा फोम मिळतो तो मारला तर चालेल का.

मी बेळगावात शहापूर भागात २६ वर्षं सुतारकाम करतो. निम्मं काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचंच असतं. त्यामुळं आधी मोकळेपणानं सांगतो, चौकट पक्की करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. दोघं भाऊ एका दिवसात करू शकाल. तुमचे खरे प्रश्न दोन. खिडकीच्या वरचा भार कोण पेलणार, आणि पश्चिमेचा पाऊस आत यायचा कसा थांबवणार? या दोन्हींची सोय केलीत तर चौकट कशीही बसते. नाही केलीत तर चौकट कितीही भारी असो, दोन पावसाळ्यांत तक्रार सुरू होते.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघा. पहिलं म्हणजे भिंत खरंच जांभ्याची आहे का? आमच्याकडं बऱ्याच घरांत खालचे तीन-चार फूट जांभा आणि वर मातीची भिंत असते, गिलाव्याखाली काही कळत नाही. खिडकी जिथं येणार तिथं आतल्या बाजूनं तळहाताएवढा गिलावा तीन ठिकाणी खरवडा: खाली, मध्ये आणि वर. वर नुसती माती निघाली तर स्वतः फोडायचा विचार सोडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात पावसानं घरं पडली, तेव्हा भिजलेली मातीची भिंत कशी एकदम बसते ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, वर काय टेकलंय ते बघा. माळ्यावर चढून बॅटरी मारा. आढ्याचं किंवा तुळईचं टोक नेमकं खिडकीच्या जागेवर भिंतीत शिरत असेल तर खिडकी दोन-तीन फूट सरकवा. नुसते वासे आडव्या लाकडावर टेकले असतील तर भार पसरलेला असतो, ते चालतं. कोपऱ्यापासून निदान दोन फूट भिंत अखंड राहू द्या. तिसरं, वरून ओळंबा सोडा. भिंतीला इंचाहून जास्त पोट आलं असेल किंवा तिरकी भेग असेल तर आधी भिंतीचा इलाज, खिडकी नंतर.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पश्चिमेला भाऊबंदांची किंवा शेजाऱ्यांची जागा असेल तर आधी जाऊन बोला. उजेडाचा २० वर्षं बिनहरकत वापर झाला की कायद्यानं हक्क तयार होऊ शकतो, म्हणून शेजारी नव्या खिडकीला बिचकतो. त्याचं बिचकणं चुकीचं नाही. दगड काढल्यावर वाद झाला तर उघड्या भोकासकट पावसाळा काढावा लागतो.

आता भाराचं. मी शिकाऊ होतो तेव्हा नंदगडच्या बाजूला एका घरात आम्ही असंच भोक पाडून ४ बाय ३ इंची सागवानाची दणकट चौकट बसवली होती. लाकूड एवढं जाड आहे, वरचे दोन थर सहज धरेल असं मीच मालकांना सांगितलं. जुलैत बोलावणं आलं, झडपा उघडेनात. वरचे चिरे पाऊण इंच खाली आले होते, कपाळपट्टी, म्हणजे चौकटीचं वरचं आडवं लाकूड, मध्ये वाकली होती आणि वरच्या भेगेतून पाणी थेट चुलीवर पडत होतं. आमचे मेस्त्री बघायला आले. मी पाचर ठोकून कपाळपट्टी उचलायच्या खटपटीत होतो. ते म्हणाले, "काय करूलालास? चौकटीला कशाला राबवूलालास? तिचं काम झडप धरायचं." नोव्हेंबरात सगळं काढून पुन्हा केलं, आमच्या खर्चानं. तेव्हापासून लिंटल, म्हणजे खिडकीवरचा भार पेलणारी आडवी काँक्रीटची तुळई, पक्कं झाल्याशिवाय मी खालचा एक दगड हलवत नाही.

मातीच्या गाऱ्यातल्या भिंतीत लिंटल घालायची रीत अशी. भोक आधी पाडून वर लिंटल ओतायचं नाही. लिंटल जमिनीवर ओतून तयार ठेवायचं आणि भिंतीची जाडी अर्धी-अर्धी करून बसवायचं. आधी बाहेरच्या बाजूनं ९ इंच खोल आडवी खोबण काढायची, त्यात लिंटल सरकवायचं, वर घट्ट भरायचं. ते धरलं की मग आतल्या बाजूची खोबण. म्हणजे कुठल्याही क्षणी निम्मी भिंत वरचा भार धरून असते.

लांबीचा हिशोब करू. चौकट ३ फूट, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच सैल, आणि लिंटल दोन्हीकडं भिंतीवर ९ इंच टेकलं पाहिजे. सिमेंटच्या बांधकामात ६ इंचही पुरतात, पण मातीच्या गाऱ्यावर मी ९ च्या खाली जात नाही. एकूण ४ फूट ८ इंच धरा. आता ९ इंच रुंद आणि ६ इंच उंचीचं एवढं लांब लिंटल केलं तर त्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास जातं. दोन भावांनी ते सात फुटांवर चढवायचं म्हणजे बोटं नाहीतर कंबर जाणार. म्हणून साडेचार इंच रुंदीची चार लिंटलं करा. एकेक साधारण ६० किलोचं होतं, घोडीवर उभं राहून दोघांना उचलता येतं. बाहेरच्या खोबणीत दोन, आतल्या खोबणीत दोन.

लिंटलाचा माल असा: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. पाणी बेतानं, माल हातात धरला तर गोळा राहिला पाहिजे. खाली १० मिलिमीटरच्या दोन सळ्या, वर ८ च्या दोन, दर ६ इंचांवर रिंग. सळई साच्याच्या तळाला टेकू देऊ नका, इंचभर वर राहू दे. आणि ओतल्या ओतल्या वरच्या अंगावर खिळ्यानं मोठा 'व' कोरा. जाड सळ्या खाली आहेत म्हणून लिंटल ताण सोसतं. उचलताना उलटं झालं आणि तसंच बसलं तर मध्ये तडकतं, आणि सुकल्यावर चारही अंगं सारखीच दिसतात. गोणपाट टाकून १४ दिवस ओलं ठेवा, आणि २८ दिवस झाल्याशिवाय भिंतीत घालू नका.

खोबण काढायच्या आधी आतून वाशांखाली आडवी फळी घालून टेकू द्या आणि टेकूखाली दुहेरी पाचरी मारून भार घ्या. ग्राइंडरनं फक्त कडेची रेघ मारायची. मग मातीचा सांधा छिन्नीनं मोकळा करून दगड एकेक करून पहारीनं अलगद काढायचा. घण चालवू नका, धक्क्यानं मातीचा गारा वरपर्यंत सुटतो. जांभ्याची लाल धूळ बारीक असते, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. लिंटल बसलं की ते आणि वरचा दगड यांच्यामधली फट एकास तीनच्या (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) कोरड्यासर मसाल्यानं भरा आणि त्यात दगडाच्या चिपा हातोडीनं ठोकून बसवा. ही चिपांची भरणी नीट झाली नाही तर बाकीचं सगळं करून उपयोग नाही. वरचा दगड त्या फटीएवढा खाली येणारच. आतली खोबण काढायच्या आधी पाच-सहा दिवस जाऊ द्या. आतलं लिंटल झाल्यावर पुन्हा आठवडाभर थांबा, मग खालचे दगड वरून खाली एकेक थर काढत या.

खोबणीच्या या दोन दिवसांसाठी अनुभवी गवंडी घ्या. बाकी सगळं तुम्ही करा, पण हे दोन दिवस नाही. दगड हलला की तो कुठं थांबेल हे ज्याला नुसत्या आवाजावरून कळतं, असा माणूस जवळ हवा. आमच्याकडं गवंडी निम्मे कानडी बोलणारे, लेव्हलला रसमट्ट म्हणतील, खिडकीला किटकी. काही अडत नाही, चौकट त्यांच्याकडंही चौकट्टुच आहे.

आता पाणी. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस बेळगाव शहरापेक्षा बराच जास्त पडतो आणि वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून आडवा येतो. जुनी माणसं त्या भिंतीत मोठी खिडकी ठेवत नव्हती आणि पावसाळ्याआधी बाहेरून गवताच्या ताट्या बांधायची. ती उजेडाला कंटाळलेली नव्हती, जांभा पाणी पितो हे त्यांना माहीत होतं. दक्षिणेला किंवा उत्तरेला जागा असेल तर तिथंच खिडकी करा असं मी सांगेन. पश्चिमच असेल तर उंची कमी करा. ४ फुटांची खालून कमी करून ३ फूट केली तरी ओट्यावर उजेड जवळजवळ तेवढाच पडतो, कारण उजेड खिडकीच्या वरच्या भागातून आत खोलवर जातो. चौकट मिळाली तशीच वापरायची असेल तर वर निदान दोन फूट बाहेर येणारं छप्पर हवं. जुन्या भिंतीत सिमेंटचा छज्जा अडकवू नका, त्याचं वजन भिंतीला बाहेर ओढतं. लाकडी टेकणांवर पत्रा किंवा कौलांची छोटी पडवीच बरी.

चौकट बाहेरच्या अंगापासून चार-पाच इंच आत घ्या. झडपा बाहेर उघडू द्या, म्हणजे झडपेवरून ओघळलेलं पाणी बाहेरच गळतं आणि आत ओट्यावरची भांडी झडपेला लागत नाहीत. वाऱ्यासाठी दोन्ही झडपांना हूक हवेत. गज आतून. चौकटीखाली बाहेरच्या बाजूला कडप्प्याची एकसंध लादी घाला, आतून बाहेर अर्धा इंच उतार, भिंतीबाहेर दोन इंच पुढं. त्या पुढं आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, पेन्सिल बसेल एवढी खाच ग्राइंडरनं मारून घ्या. पाणी लादीच्या पोटाला चिकटून मागं भिंतीकडं सरकतं, त्या खाचेशी आलं की थेंब होऊन गळतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी दुरुस्तीला जातो त्या दहातल्या आठ खिडक्यांना ही खाच नसते आणि खालचा गिलावा फुगलेला असतो.

आता तुमची चौकट. जुनं सागवान मिळालं हे चांगलं झालं, वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, पीळ घेत नाही. सगळे खिळे काढा. टोच्यानं खालचं आडवं लाकूड आणि सांधे टोचून बघा, टोच्या लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर तेवढा तुकडा बदलायचा. चौकट बाहेरून बाहेर नेमकी ३ बाय ४ फूट असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं माप बरोबर ५ फूट यायला हवं, दोन्हीकडून. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक चालतो, दोन सूत आला तर सांधा सैल करून काटकोनात आणा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून बांधा. मध्ये दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या तर चौकट सपाट आहे. त्यांच्यात फट दिसली किंवा एक दुसरीला दाबत असेल तर चौकटीला पीळ आहे, आणि पिळाच्या चौकटीत झडप कधीच बंद होत नाही. सरळ झाली की मध्ये एक आडवी आणि एक तिरकी पट्टी ठोकून ठेवा, मसाला सुकेपर्यंत ती काढायची नाही.

जुन्या चौकटीच्या आडव्या लाकडांची टोकं बाजूंना बाहेर आलेली असतील, त्याला आम्ही शिंगं म्हणतो. भिंत चढत असताना ती दगडांत अडकवतात. तुमची भिंत आधीचीच, त्यामुळं ती कापावी लागतील. कापलेल्या टोकावर डांबराचे दोन हात मारा. लाकूड पाणी पितं ते टोकाकडूनच, आणि वाळवीही तिथूनच शिरते. चौकटीची भिंतीकडची तिन्ही-चारी अंगंही डांबरानं काळी करून घ्या.

बसवताना मापं जमिनीवरून घेऊ नका, जुन्या घरात जमीन कधीच सपाट नसते. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही बाजूंना एकाच पातळीची खूण करा आणि तिथून मोजा. चौकट पाचरींवर उभी करा. ओळंबा दोन्ही उभ्या लाकडांना लावा, समोरून आणि बाजूनंही. प्रत्येक बाजूला दोन होल्डफास्ट (चौकटीला लावून भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या), कोपऱ्यांपासून ८-९ इंचांवर. भिंतीत त्यासाठी ४ इंच चौरस आणि ९ इंच खोल खाच काढा, माती झाडून काढा, पाणी मारा आणि बारीक खडीच्या काँक्रीटनं ठासून भरा. तीन दिवस पाचरी हलवायच्या नाहीत, झडपा आठवड्यानंतर.

फोमबद्दल विचारलंय. सिमेंटच्या सरळ भिंतीत ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या खिडकीभोवतीची फट भरायला तो चांगला आहे. चौकट धरून ठेवणं हे त्याचं काम नाही आणि उन्हात तो भुगा होतो. तुमच्याकडं फट वेडीवाकडी असणार, तिथं चुन्याचा मसाला घाला. मातीच्या गाऱ्यातल्या भिंतीवर नुसतं कडक सिमेंट मारलं की ते पापडासारखं सुटून येतं. स्क्रूनं आवळायचे अँकरही नकोत, मऊ जांभ्यात ते आज पकडतात आणि झडपेच्या धक्क्यांनी सैल होतात. चौकट भिंतीत बसल्यानंतरच झडपा मापानं रंधून घ्या, चौफेर एक सूत मोकळं. लाकूड कोरड्या दिवसांत बसवताय हे लक्षात ठेवा, जुलैत ते फुगणारच.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथं माझं मत तुमच्या बेताविरुद्ध आहे. आज लिंटलं ओतली तरी २८ दिवसांनी मे संपतो. त्यावर दोन खोबणी आणि मधली थांबणी धरली तर जूनचा मध्य येतो. आपल्याकडं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो, आणि त्याआधी वळीव कधी झोडपेल सांगता येत नाही. उघड्या खोबणीत पाणी शिरलं तर मातीचा गारा वाहून जाईल. म्हणून या उन्हाळ्यात भिंतीला हात लावू नका. लिंटलं ओतून गोठ्यात ठेवा, चौकट दुरुस्त करून तिला आडवी, सावलीत, विटांवर ठेवा. फोडायचं काम दिवाळीनंतर, परतीचा पाऊस गेल्यावर.

मधल्या पावसाळ्याचाही उपयोग करा. खिडकीची जागा बाहेरून कोळशानं आखून ठेवा आणि जोराच्या सरीनंतर दर वेळी बघा, ओल कुठपर्यंत चढते, वळचणीचं पाणी वाऱ्यानं भिंतीवर कुठं आपटतं. छप्पर किती बाहेर काढायचं हे त्यावरून ठरेल, आणि कदाचित खिडकी तीन फूट बाजूला घ्यावी असंही दिसेल. स्वयंपाकघरातल्या अंधारासाठी तोवर ओट्याच्या वर दोन-तीन काचेची कौलं घाला. मंगळुरी कौलाच्याच घडणीची मिळतात, एक काढून एक बसवायचं, अर्ध्या तासाचं काम. पाऊस लागायच्या आधी तेवढं उरकून घ्या. आणि गिलावा खरवडल्यावर वरच्या थरात काय निघालं ते नक्की लिहा. दगड निघाला तर वरचं सगळं तसंच लागू आहे, माती निघाली तर आपण वेगळं बोलू.